किक मारली, पण गिअर टाकला नाही

पहिल्या दिवशी मी गाडीवर नुसती बसले. स्टँड काढलं नाही, चावीसुद्धा लावली नाही. जुलै महिना, पाऊस जरा उघडलेला. परड्यात ताडपत्रीखाली सहा महिने उभी असलेली दादाची स्प्लेंडर, टाकीवर धूळ, सीटवर कोंबड्यांनी केलेली घाण. ती पुसली आणि हँडल धरून बसले. चार-पाच मिनिटांत हाताला घाम सुटला, पोटात कसंतरी व्हायला लागलं आणि मी उतरले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई बघत होती. ती काही बोलली नाही. मीही नाही.

दादा जानेवारीत गेला. मित्राच्या गाडीवर मागे बसून कराडहून घरी येत होता. रात्रीचे साडेनऊ. आमच्याकडे कारखाने सुरू झाले की रस्त्याचं रूपच बदलतं. दिवसरात्र उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर पडलेल्या मोळ्या. त्या रात्री फाट्याच्या अलीकडे एक ट्रॉली बंद पडली होती. अर्धी साईडपट्टीवर, अर्धी डांबरावर. मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते दोन दगड ठेवलेले. समोरून ट्रकचा अप्पर लाईट डोळ्यावर आला आणि मित्राला ट्रॉली दिसली तेव्हा अंतरच उरलं नव्हतं. मित्राच्या डोक्यात हेल्मेट होतं. त्याचा पाय मोडला, तो वाचला. दादाचं हेल्मेट घरी खिळ्याला टांगलेलं होतं. स्वतः चालवताना ते घातल्याशिवाय तो दूध घालायलाही जायचा नाही. पण मागे बसणाऱ्याला कशाला लागतंय, असं त्यालाही वाटायचं आणि आम्हालाही.

खरं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही तितकंच लागू आहे. हे मला दादा गेल्यावर कळलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेल्या मृतांमध्ये १४,३३७ जण मागे बसलेले होते. हे आकडे मी त्या दिवसांत रात्री मोबाईलवर शोधत बसायचे. का, ते सांगता येणार नाही.

तेराव्यानंतर लोकांचे दोन गट पडले. पहिला गट म्हणजे काका, आत्या, शेजारपाजार : "पोरीनं आता त्या गाडीला हात लावायचा न्हाई." दुसरा गट दादाच्या मित्रांचा. त्यांनी दादाचा बाईकवरचा फोटो स्टेटसला ठेवला, मागे गाणं लावलं, आणि मला मेसेज केले की तू त्याच्यासाठी चालव, त्याला आवडेल. मला दोघांचाही राग यायचा. दुसऱ्यांचा जरा जास्तच. दादा काय रायडर-बियडर नव्हता. दूध घालायला, औषध फवारणीला, मला स्टँडवर सोडायला गाडी चालवायचा. त्याच्या जाण्याचा रील व्हावा असं त्यात काही नव्हतं.

मी गाडीवर परत बसले त्याचं कारण फारच साधं होतं. गावाकडे येणारी शेवटची बस साडेपाचला. आमची थर्ड इयरची प्रॅक्टिकल्स पाचला सुटतात, म्हणजे वेळेवर सुटली तर. दोनदा बस चुकली. दोन्ही वेळा मैत्रीण म्हणाली, चल, मी सोडते. मी तिच्या ॲक्टिव्हावर बसू शकले नाही. एक पाय फूटरेस्टवर ठेवला आणि परत काढला. पप्पांना फोन करून टेम्पोची सोय होईपर्यंत स्टँडवर दोन तास बसले. गाडी चालवायची भीती वेगळी, पण आता मागे बसायचीही भीती? हे असंच राहिलं तर शिक्षण कसं पुरं करायचं, हा विचार त्या स्टँडवर आला.

आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी मला कॉलेजातल्या समुपदेशक मॅडमकडे पाठवलं. मला वाटलं होतं त्या म्हणतील, वेळ जाऊ दे, सगळं ठीक होईल. त्यांनी कागद घेतला आणि त्यावर एक डोंगर काढला. म्हणाल्या, भीती अशी चढते, टोकाला जाते आणि तू तिथंच थांबलीस तर हळूहळू आपोआप उतरते. पण तू टोकाला असतानाच पळून आलीस, तर मेंदू एवढंच शिकतो की पळाले म्हणून वाचले. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घाबरवतो. मला परड्यातली ती चार मिनिटं आठवली. मी नेमकी टोकावरून उतरले होते.

भीतीदायक गोष्टीच्या अशा पायऱ्या पाडून, सर्वांत सोप्या पायरीपासून चढत जायची पद्धत जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञानं १९५० च्या दशकात मांडली. आता तिची बरीच रूपं आहेत. मॅडमनी माझ्याकडून दहा पायऱ्या लिहून घेतल्या. पहिली : बंद गाडीवर बसणं. दहावी : अंधारात ट्रॉलीच्या मागून जाणं. ती लिहितानाच हात थरथरत होता. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. अपघात डोळ्यासमोर पुन्हा पुन्हा घडत असेल, झोप उडाली असेल, महिने उलटूनही कशात लक्ष लागत नसेल, तर घरच्या घरी पायऱ्या चढत बसू नकोस, डॉक्टरांकडे जायचं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर त्यांनीच दिला. सरकारी आहे, चोवीस तास चालू, फुकट. मी एका रात्री लावलाही होता. त्याबद्दल एवढंच सांगते की पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही.

दुसऱ्यांदा गाडीवर बसले तेव्हा ऑरगॅनिकचं पुस्तक घेऊन बसले. हसू नका. पंचवीस मिनिटं बसले, एका रिॲक्शनवर तीनदा नजर फिरवली, डोक्यात काहीच शिरलं नाही. पण विसाव्या मिनिटाला लक्षात आलं की घाम थांबलाय.

पप्पांनी ही गाडी दोनदा विकायला काढली होती. दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलं, चहा पिऊन गेलं, व्यवहार झाला नाही. मी बसते हे कळल्यावर ते काही न बोलता मेकॅनिकला घेऊन आले. जुनं पेट्रोल काढलं, कार्बोरेटर आणि प्लग साफ केला, मागचा टायर बदलला. किक मारायची पायरी आली तेव्हा पाचव्या किकला गाडी सुरू झाली आणि तो आवाज ऐकून आई आतून धावत बाहेर आली. तिच्या तोंडावर क्षणभर जे दिसलं ते मी लिहिणार नाही. मी गिअर टाकला नाही. गाडी बंद केली. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी सहाला, आईला आधी सांगून, मी फक्त किक मारायची आणि दहा मिनिटं गाडी चालू ठेवायची. पायऱ्यांचा कागद माझा होता, पण आईही त्याच पायऱ्या चढत होती हे मला फार उशिरा कळलं.

मग पाणंद. पहिल्या गिअरमध्ये, पप्पा शेजारून चालत. मग शाळेचं मैदान. तिथं एक अवघड गोष्ट झाली. गाडी मला दादानंच शिकवली होती आणि त्याचा पहिला नियम होता : पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी पलटते. गावात सगळे असंच शिकवतात. पण ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवायचं जास्तीचं काम पुढचा ब्रेकच करतो. एकदम आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा, मागचा सोबत द्यायचा. मैदानात चुन्याची रेघ मारून मी तीसच्या स्पीडला हे करून बघितलं. नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी रेघेच्या कितीतरी पुढे जायची, दोन्हीवर बरीच अलीकडे थांबायची. गेलेल्या माणसाचं चुकलं होतं असं म्हणणं आपल्याकडे पाप वाटतं. मला त्या दिवशी रडू आलं ते भीतीनं नव्हे, ह्यानं.

तेव्हापासून मी हिशेब करायला लागले. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. डोळ्यांना काही दिसून हात ब्रेकवर दाब देईपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर नुसतेच संपले. ब्रेक त्यानंतर. आणि स्पीड दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर साधारण चौपट होतं. दादाच्या मित्रावर मी आठ महिने मनातल्या मनात राग धरून होते, की ह्याला एवढी मोठी ट्रॉली दिसली कशी नाही. हा हिशेब वहीत मांडल्यावर तो राग तिथंच टिकेना.

सप्टेंबरमध्ये तो घरी आला, काठी टेकत. आईनं त्याला जेवायला वाढलं. त्यानं परड्यातली गाडी बघितली आणि म्हणाला, "मी आता आयुष्यात चालवणार नाही, ताई. तुला राग येईल, पण नाहीच." तो आता बसनं कामाला जातो. बस चुकली तर चुकली. मला राग आला नाही. गाडीवर परत बसलं म्हणजेच माणूस सावरला, असं कुणी ठरवलंय?

ऑक्टोबरमध्ये मी डांबरीवर आले. भीती होतीच, अजूनही आहे. पण तिचे दोन प्रकार मला ओळखू यायला लागलेत. एक भीती समोरच्या गाडीपासून अंतर ठेवायला लावते, वळणाआधी स्पीड उतरवते, अंधारात चाळीसच्या पुढे जाऊ देत नाही. ती असू दे. दुसरी खांदे कानापर्यंत चढवते, हँडल गच्च धरायला लावते, आणि नजर नेमकी ज्याची भीती त्याच्यावरच खिळवते. गाडी जिकडे नजर तिकडे जाते. फाट्याजवळच्या खड्ड्याकडे, चुकवायचा म्हणून, मी टक लावून बघत राहिले आणि सरळ त्यातच गेले. आता खांदे चढले की गाडी कडेला घेते. लाज वाटत नाही. मागून एकदा दोन पोरं ओरडून गेली, "ताई, लायसन आहे का?" आहे. आरटीओत आठ काढून घेतलंय, दादा बाहेर उभा होता.

नोव्हेंबरात धुराडी पेटली आणि दहावी पायरी आपोआप समोर आली. प्रॅक्टिकल लांबलं, निघेपर्यंत अंधार. ओगलेवाडीच्या पुढे डबल ट्रॉली, लाल दिवा एकच आणि तोही चिखलानं माखलेला. मी टपरीवर थांबले. गुडघे हलत होते. पप्पांना फोन केला. "येऊ का?" म्हणाले. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबून बघते. चहा घेतला, अर्धा सांडला. ट्रॉली पुढे निघून गेली होती, पण तिच्या मागून दुसरी आली. तिच्या मागे बऱ्याच अंतरावर मी तिसऱ्या गिअरमध्ये घरापर्यंत गेले. ओव्हरटेक केलं नाही. अकरा किलोमीटरला पाऊण तास लागला आणि पप्पा फाट्यावर बॅटरी घेऊन उभे होते.

गेल्या रविवारी आईला बाजाराला जायचं होतं. मी टेम्पो सांगू का विचारलं, तर तिनं खिळ्यावरचं दादाचं हेल्मेट काढलं, पदरानं काच पुसली आणि डोक्यात घातलं. मोठं होत होतं, हलत होतं. मी तिला सांगितलं, हे नको, ढिलं हेल्मेट पडताना निघून जातं. तिनं ते परत खिळ्याला अडकवलं. मैत्रिणीचं लहान मापाचं, आयएसआय मार्कवालं हेल्मेट मागून आणलं, हनुवटीखालचा पट्टा मीच आवळला.

फाट्याच्या अलीकडे आल्यावर तिचा माझ्या कमरेभोवतीचा हात घट्ट झाला. मी काही बोलले नाही, स्पीड तेवढाच ठेवला.

"पुढं ट्रॉली हाय बघ," ती म्हणाली.

"बघितली गं."