परदेशीं सेवेस जाण्याचा खर्च

स्वयंसेवा म्हणजे मोबदला न घेतां केलेलें काम, अशी या शब्दाची सर्वमान्य व्याख्या आहे. परंतु मोबदल्याशिवाय काम करणाऱ्याच्याही पोटाची सोय कोणीतरी करावी लागते, ही गोष्ट त्या व्याख्येंत येत नाहीं. आपल्याच गांवीं केलेल्या सेवेंत हा प्रश्न फारसा जाणवत नाहीं. संध्याकाळीं दोन तास रात्रशाळेंत शिकवून माणूस आपल्या घरीं जेवावयास परत येतो. सेवेचें ठिकाण समुद्रापलीकडे असलें म्हणजे मात्र प्रवासाचें भाडें, राहण्याची जागा, दोन वेळचें जेवण, विमा, व्हिसा अशी खर्चाची एक लांबलचक यादीच पुढें उभी राहते. ज्याच्या वडिलांस हा खर्च झेपतो तो विद्यार्थी जातो, ज्याच्या वडिलांस झेपत नाहीं तो मागें राहतो. पुढें नोकरीच्या अर्जांत पहिल्याच्या नांवापुढें परदेशांतील लोकसेवेची एक ओळ चढते आणि दुसऱ्याची जागा कोरीच राहते. सेवेसारखी गोष्टही अशा रीतीनें सुस्थितीचा दाखला होऊन बसते.

या अन्यायाची जाणीव युरोप-अमेरिकेंतील विद्यापीठांस व सरकारांस हळूहळू झाली, आणि सर्व खर्च किंवा त्याचा मोठा भाग देणाऱ्या योजना निघाल्या. त्या कोणासाठीं, हें पाहूं गेल्यास दोन वर्ग डोळ्यांपुढें येतात. पहिला वर्ग गरजू विद्यार्थ्यांचा. त्याविषयीं अधिक सांगावयास नको. दुसरा प्रौढ विद्यार्थ्यांचा. ब्रिटनमध्यें पदवीचा अभ्यास सुरू करतेवेळीं ज्याचें वय २१ किंवा त्याहून अधिक असेल त्यास प्रौढ विद्यार्थी म्हणतात. हा आकडा ऐकून येथील माणसास हसूं येईल. पण त्या वर्गांत कारखान्यांत पंधरा वर्षें काढून चाळिशींत महाविद्यालयाची पायरी चढलेला गृहस्थ येतो, आणि मुलें शाळेंत जाऊं लागल्यावर पुन्हा पुस्तक हातीं घेणारी आईही येते. गरजू आणि प्रौढ हीं दोन्ही विशेषणें पुष्कळदां एकाच माणसास लागू पडतात.

तिकिटाचे पैसे दिले कीं अशा माणसाची वाट मोकळी झाली, ही समजूत मात्र बरोबर नव्हे. जो विद्यार्थी सुटींत दुकानावर उभा राहून वर्षाची फी जमवितो, त्याची सुटी सेवेंत गेली तर ती फी कोठून यावयाची? त्याच्या खोलीचें भाडें तो परदेशीं असला तरी चालूच राहतें. जिच्या घरीं आठ वर्षांचें मूल आहे, तिला विमानाचें तिकीट फुकट मिळालें तरी मुलाजवळ कोण राहणार? म्हणून कोणतीही योजना काय देते हें तर पाहावेंच, पण ती जाणाऱ्याच्या घरच्या स्थितीविषयीं काय गृहीत धरते हेंही पाहावें.

परराष्ट्रांत जाऊन अंगमेहनतीची सेवा करण्याची आधुनिक प्रथा पहिल्या महायुद्धानंतरची आहे. स्वित्झर्लंडमधील पिएर सेरेझोल या इंजिनियरानें १९२० सालीं फ्रान्समध्यें, वेर्दंच्या रणभूमीजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यांत, निरनिराळ्या राष्ट्रांतील स्वयंसेवकांस घरें उभारावयास एकत्र आणलें. कालपर्यंत शत्रु मानले गेलेले जर्मनही त्यांत होते. त्यांतूनच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संस्था उदयास आली. हिंदुस्थानाशीं तिचा ऋणानुबंध जुना आहे. १९३४ च्या जानेवारींत बिहारमध्यें प्रचंड भूकंप झाला, तेव्हां सेरेझोल स्वतः तेथें आले, आणि मूठभर युरोपियन सहकाऱ्यांसह पुढें १९३७ पर्यंत नव्या वस्त्या बांधण्याचें काम चाललें. बिहारला आले तेव्हां सेरेझोल यांचें वय पंचावन्नाच्या घरांत होतें. सेवा ही केवळ विशीतल्या पोरांनीं करावयाची गोष्ट आहे ही कल्पना कशी रूढ झाली कोण जाणे. तिच्या प्रवर्तकाला तरी ती लागू नव्हती. पण पोटापुरतें अन्न आणि निवारा यांपलीकडे स्वयंसेवकास कांहीं देणें अशा चळवळीच्या आवाक्यांतलें नव्हतें. घरची जबाबदारी असलेल्या मजुराला ती सेवा परवडावी कशी?

पुढें सरकारी पैसा या क्षेत्रांत आला, आणि तो कसा वांटावा हा नवा प्रश्न निघाला. ब्रिटिश सरकारनें २०११ सालीं 'इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिस' नांवाची योजना सुरू केली. १८ ते २५ वर्षांच्या तरुणांस सुमारें तीन महिने आफ्रिका-आशियांतील गरीब देशांत पाठवावयाचें आणि त्या त्या देशांतील तरुण त्यांच्या जोडीस द्यावयाचे, अशी तिची रचना होती. आरंभीं तिच्यांत घरच्या उत्पन्नावरून वर्गणी ठरे. वार्षिक उत्पन्न २५,००० पौंडांहून कमी असलेल्या घरच्या मुलास कांहीं द्यावें लागत नसे. ४०,००० पौंडांवर उत्पन्न असल्यास २,००० पौंड द्यावे लागत. मधल्या पायरीवरच्यास १,०००. मागाहून प्रत्येकानें ओळखीपाळखींतून निधि जमवावा यावर भर आला. दिसावयास हा नियम समतेचा खरा, परंतु डॉक्टरच्या मुलीनें आपल्या परिचितांकडे मदत मागणें आणि मोलकरणीच्या मुलीनें ती मागणें या दोन गोष्टी सारख्या नाहींत. पहिलीचे परिचित चेक फाडतात, दुसरीचे परिचित तिच्याइतकेच ओढगस्तीचे असतात. २०२० च्या महामारींत या योजनेचे स्वयंसेवक मायदेशीं परत बोलावले गेले आणि त्यानंतर ती बंद पडली.

जर्मनीचा अनुभव थोडा निराळा आहे. तेथील विकास-सहकार्य खात्यानें २००८ सालीं 'व्हेल्टव्हेर्ट्स', म्हणजे 'जगाकडे', ही योजना काढली. १८ ते २८ वर्षांच्या तरुणांस ती सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत बाहेर पाठविते. अपंग उमेदवारांसाठीं वयाची मर्यादा ३५ पर्यंत सैल केलेली आहे. खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंतचा भाग सरकार उचलतें, बाकीचा पाठविणाऱ्या संस्थेनें उभारावयाचा असतो. तिकीट, जेवण, निवास, विमा, हातखर्च सर्व कांहीं देऊनही या योजनेंत भरणा झाला तो मुख्यतः विद्यापीठप्रवेशाची शालान्त परीक्षा दिलेल्या, सुशिक्षित घरांतील मुलामुलींचा. सुताराच्या किंवा परिचारिकेच्या धंद्याचें शिक्षण घेतलेले तरुण फार थोडे आले. दार उघडें ठेवलें म्हणजे सगळेच आंत येतात असें नाहीं. दार आहे हें ज्यांना घरांतच कळतें ते आधीं येतात. यावर उपाय म्हणून अशा तरुणांकडे आपण होऊन जाण्याचा उद्योग पुढें करावा लागला. २०१३ पासून या योजनेची उलट वाटही सुरू झाली, आणि आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेंतील तरुण जर्मनींतील वृद्धाश्रमांत, बालवाड्यांत सेवेस जाऊं लागले.

या सर्वांत अधिक विचारपूर्वक रचलेली योजना युरोपियन संघाची होय. १९९६ सालीं 'युरोपियन व्हॉलंटरी सर्व्हिस' या नांवानें तिचा आरंभ झाला. २०१६ च्या डिसेंबरांत 'युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर' या नव्या उपक्रमाची घोषणा झाली आणि जुनी योजना त्यांत विलीन झाली. तिची पहिली खुबी अशी कीं विद्यार्थ्यानें अनुदानासाठीं अर्ज करावयाचाच नसतो. सेवेची जागा देणाऱ्या संस्थेस आधीं गुणवत्तेचें प्रमाणपत्र मिळवावें लागतें. मग पैसा त्या संस्थांकडे येतो आणि त्यांतून प्रवास, निवास, भोजन, विमा, भाषेचें शिक्षण व थोडा हातखर्च भागविला जातो. स्वयंसेवकाकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. काम आठवड्यास ३० ते ३८ तास, आणि मुदत एक वर्षापर्यंत. सोबतीला एक मार्गदर्शक मिळतो. त्याचें काम कार्यालयांतलें नसून परक्या गांवांत दुकान कोठें, दवाखाना कोठें, एकटें वाटूं लागलें तर बोलावें कोणाशीं, या गोष्टींचें असतें.

ज्यांना संधि कमी मिळाली अशा तरुणांचा या योजनेंत स्वतंत्र विचार आहे. संधि कमी असण्याचीं कारणें तिनें केवळ दारिद्र्यापुरतीं धरलेलीं नाहींत. अपंगत्व, दीर्घ आजार, अर्धवट शिक्षण, परदेशांतून येऊन वसलेलें कुटुंब, दूरच्या बेटावरचें किंवा आडगांवचें वास्तव्य हींही तींत येतात. अशा उमेदवारास वर्षभर जाणें शक्य नसेल तर दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतची लहान मुदत ठेवलेली आहे. नोकरी सोडून वर्षभर जाणें अशक्य असतें, पण रजा जोडून तीन आठवडे काढतां येतात, हें ज्यानें ओळखलें त्याला गरिबाच्या संसाराची माहिती असली पाहिजे. शिवाय काम सुरू होण्याआधीं जागा पाहून येण्यासाठीं एक फेरी दिली जाते. चाकाच्या खुर्चींतून फिरणाऱ्या मुलीला तेथील जिना, स्नानगृह, बसचा थांबा आधीं पाहतां आला, तर पुढची निराशा टळते. अधिक मदतीसाठीं जो खरोखरीचा खर्च येईल तोही पूर्ण धरला जातो. सहभागी देशांच्या नागरिकांप्रमाणेंच तेथें कायदेशीर वास्तव्य असलेल्यांसही ही योजना सामान्यतः खुली आहे. त्यामुळें युरोपांत शिकत असलेल्या मराठी विद्यार्थ्यांनींही तिची चौकशी करून पाहावी.

प्रमाणपत्राचा आग्रह कशासाठीं, असें कोणी विचारील. सेवेची इच्छा हाही एक बाजार झाला आहे, हें त्याचें उत्तर. तरुणांकडून भरमसाट पैसे घेऊन त्यांस पंधरा दिवस 'समाजकार्यास' नेणाऱ्या कंपन्या आज पुष्कळ आहेत. नेपाळ व कंबोडिया या देशांत तर आईबाप हयात असलेलीं मुलें अनाथालयांत ठेवून परदेशी पाहुण्यांच्या दयेवर पैसा मिळविण्याचे प्रकार उघडकीस आले, आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीनें २०१७ च्या आपल्या अहवालांत त्यांची गणना मानवी व्यापारासंबंधींच्या प्रश्नांत केली. पैसा जबाबदार हातांतून आला तर निदान त्याचा हिशेब मागतां येतो.

आतां प्रौढ विद्यार्थ्यांचें काय? येथें या सगळ्या योजना उण्या पडतात. युरोपियन योजनेची मर्यादा ३० वर्षांची आहे. आपद्ग्रस्तांच्या साह्यार्थ जाणाऱ्या पथकांत ती ३५ पर्यंत जाते. 'तरुण' हा शब्द एकदां नियमांत बसला कीं चाळिशींत पदवी घेणारी बाई कितीही गरजू असली तरी बाहेरच राहते. वयाकडे न पाहणारी योजना हवी असेल तर अमेरिकेच्या 'पीस कोअर'कडे वळावें लागतें. अध्यक्ष केनेडी यांनीं मार्च १९६१ मध्यें ती स्थापन केली. वय १८ पुरें असावें आणि नागरिकत्व अमेरिकेचें असावें. वरची मर्यादा नाहीं. प्रवास, निवास व औषधपाणी यांचा भार सरकार वाहतें, निर्वाहवेतन देतें, आणि सुमारें सव्वादोन वर्षांची मुदत संपल्यावर घरची घडी पुन्हा बसविण्यासाठीं एक रक्कमही हातीं ठेवतें. ही शेवटची तरतूद लहान दिसते, पण परतल्यावर पहिल्या महिन्याचें भाडें कशानें द्यावें या विवंचनेंत असलेल्या माणसास तिचें मोल विचारावें.

या संस्थेचे स्वयंसेवक १९६१ पासून १९७६ पर्यंत भारतांत काम करीत होते. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नांव मुंबईशीं निगडित आहे. लिलियन कार्टर या विधवा परिचारिका १९६६ सालीं, वयाच्या ६८ व्या वर्षीं, विक्रोळी येथील गोदरेज वसाहतींत आल्या. प्रथम कुटुंबनियोजनाचें काम त्यांच्याकडे होतें, नंतर त्या तेथील दवाखान्यांत रमल्या. १९६८ सालीं त्या परत गेल्या. पुढें १९७७ मध्यें त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले, म्हणून ही गोष्ट जगास ठाऊक झाली. बाई विद्यार्थिनी नव्हत्या, गरीबही नव्हत्या. परंतु वयाची अट नसली म्हणजे दवाखान्यास कसा अनुभवी हात लाभतो, याचें हें उदाहरण विक्रोळीच्या रहिवाशांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

भारतीय नागरिकास खुला असलेला मोठा मार्ग संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक संघटनेचा. तिची स्थापना १९७० सालच्या ठरावानें झाली, आणि कचेरी १९९६ पासून जर्मनींतील बॉन शहरीं आहे. १८ ते २६ वर्षांच्या तरुणांसाठीं एक वर्ग आहे; त्याहून मोठ्यांस, पदवी किंवा तत्सम शिक्षण आणि निदान तीन वर्षांचा अनुभव असल्यास, तज्ज्ञ म्हणून घेतात. म्हणजे इतर ठिकाणीं जें वय अडथळा ठरतें तें येथें भांडवल ठरतें: बारा वर्षें हिशेबनिसाचें काम करून मग पदवी मिळविलेला मनुष्य या यादींत कोवळ्या पदवीधराच्या पुढें असतो. मासिक निर्वाहभत्ता, प्रवासखर्च, विमा आणि रजा मिळते. पात्र स्वयंसेवकास मागें असलेल्या कुटुंबासाठीं भत्ताही मिळतो. घरच्या चुलीचा विचार करणारी ही तरतूद अशा योजनांत विरळाच. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, हें ध्यानांत ठेवावें. मात्र नांव नोंदविण्यास किंवा निवड होण्यास कसलीही फी नाहीं. ती कोणी मागितलीच तर तो मनुष्य या संघटनेचा नव्हे असें खुशाल समजावें.