लपायच्या रंगाचं आमिष

टोपलीतला ताजा बांगडा हातात घ्या आणि त्याच्या पाठीचा निळसर हिरवा रंग नेमका कुठे संपतो नि कुशीची चांदी कुठे सुरू होते, ते बोट ठेवून दाखवा. दाखवता येत नाही. तो रंग संपत नाही, विरत जातो. लाकडाची मासोळी कोरून तिच्यावर शिकारी मासे धरणाऱ्या ल्युअर-कारागिरांची खरी परीक्षा या विरण्यात असते. कुंचला कितीही मऊ घेतला तरी रंगाची कड मागे राहतेच. म्हणून ही मंडळी रंग हवेवर सोडून देतात.

त्यासाठीचा एअरब्रश दिसायला जाडसर पेनाएवढा. आत एक लांब सुई, तिचं टोक नोझलच्या भोकात बसलेलं. भोक साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर. कॉम्प्रेसरची हवा त्या टोकाच्या भोवतीने वेगात सुटली की तिथला दाब उतरतो, वाटीतला रंग आपोआप पुढे ओढला जातो आणि बाहेर पडताना त्याचं धुकं होतं. चाप खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग, आणि दोन्ही कामं एकाच बोटाची. जवळून मारला तर रेघ, हात मागे घेतला तर ढग. फवाऱ्यात मधोमध थेंब दाट, कडेला विरळ, त्यामुळे दोन रंग एकमेकांत कुठे मिसळले ते डोळ्याला कळत नाही. हे यंत्र १८७० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आलं आणि सुरुवातीला फोटोंवर रंग चढवायला वापरलं गेलं.

पण माशाने हे रंग मुळात का घेतले? अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर याने १८९६ मध्ये त्याची उकल मांडली. उजेड वरून येतो, म्हणून कुठल्याही गोल वस्तूची वरची बाजू उजळते आणि खालची सावलीत जाते; त्या छायेवरूनच आपल्याला तिचा गोलवा कळतो. माशाने पाठ गडद आणि पोट पांढरं ठेवलं की हा हिशेब बरोबर उलटा होतो. छाया खोडली जाते, अंग सपाट भासतं आणि मासा पाण्यात विरघळल्यासारखा होतो. म्हणजे कारागीर ज्या रंगांची इतक्या निगुतीने नक्कल करतो ते लपायचे रंग आहेत. ज्या वस्तूने दिसावं म्हणून खटाटोप, तिला अदृश्य व्हायचा पोशाख!

या कोड्याचं उत्तर फिनलंडच्या लाउरी रापालाला मिळालं. पायान्ने सरोवरावर मासेमारी करताना त्याने पाहिलं, की मोठा मासा अख्ख्या थव्यातून नेमकी तीच मासोळी उचलतो जी जरा डगमगत पोहते. १९३६ मध्ये त्याने बुचाची मासोळी तासली, तिच्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चिकटवला आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप दिला. ती ओढली की डुलायची. तोल गेलेल्या माशाची कूस वर वळते, तिथली चांदी लखकन उजळते आणि लपवणारा रंग त्याच क्षणी चहाडी करतो. तोल आहे तोवरच तो पोशाख कामाचा.

आता खवले. एकेक खवला रंगवायचा म्हटलं तर आयुष्य जाईल. कारागीर आंघोळीच्या स्क्रबरची नायलॉनची जाळी उसवतो, गडद रंग दिलेल्या लाकडावर ताणून चिमट्यांनी घट्ट बसवतो आणि वरून चंदेरी फवारा मारतो. जाळीच्या भोकांतून चांदी उतरते, दोऱ्यांखाली गडद रंग शाबूत राहतो. जाळी काढली की काळसर किनारीचे शेकडो खवले एकदम समोर येतात. मला या सगळ्या कारागिरीतली ही सर्वांत लबाड आणि सर्वांत देखणी युक्ती वाटते.

चांदीची गोष्ट तर त्याहून अजब. माशाच्या अंगावर चांदीसारखा धातू काहीच नसतो. असतात ग्वानिनचे अतिपातळ स्फटिक, थरावर थर रचलेले. डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक असलेलं तेच हे ग्वानिन. थरांवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात आणि आरसा तयार होतो. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये याच स्फटिकांचा लगदा काचेच्या मण्यांना आतून लावून नकली मोती बनवू लागले; थोड्याशा लगद्यासाठी हजारो मासे खरवडावे लागत. आजच्या मोतिया रंगात त्यांची जागा अभ्रकाच्या कणांनी घेतली आहे. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर असतो. थर पातळ असेल तर चंदेरी, जाड करत गेलं की सोनेरी, मग लाल, निळा, हिरवा. द्रव्यं तीच दोन. रंग ठरतो तो नुसत्या जाडीवर. असा हिरवा मोतिया पांढऱ्यावर मारला तर जेमतेम जाणवतो, काळ्यावर मारला तर पेटून उठतो. कारागीर पाठ आधी काळी का करतो, ते इथे कळतं.

रंग वाळला की ल्युअर निस्तेज, खडूसारखं दिसतं. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो, उजेड वाटेल तिकडे विखुरतो. वरून इपॉक्सी ही पारदर्शक राळ फिरवली की खाचा भरतात आणि रंग खोल उतरल्यासारखे गहिरे होतात. मात्र इपॉक्सी घट्ट व्हायला तास लागतात आणि तोवर ती ओघळते. म्हणून ल्युअर छोट्या मोटरवर भट्टीतल्या कोंबडीसारखं हळूहळू फिरत ठेवतात. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीवर चिकट तवंग धरतो. कोकण-गोव्याच्या खाड्यांत ल्युअरवर जिताडा, म्हणजे गोवेकरांचा चोणक, धरणाऱ्या हौशींनी हे काम कोरड्या दिवसांत उरकलेलं बरं.

हे सगळं माशाला दिसतं का? अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या लाडक्या शिकारी माशाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, एक लालसाठी, एक हिरव्यासाठी. प्रयोगांत त्याने लाल रंग अचूक ओळखला, पण झगमगीत पिवळा आणि पांढरा यांत, तसंच गडद निळा आणि काळा यांत त्याची गल्लत झाली. शिवाय पाणी लाल प्रकाश सगळ्यांत आधी शोषतं, म्हणजे खोलवर तो लालही काळपट होतो. तेव्हा ल्युअरच्या गालावरची नाजूक गुलाबी छटा बहुधा माणसासाठीच असते. असेना. आपल्या डोळ्यांना सुख देण्यात गैर काय?

माशाच्या बाजूने पाहिलं तर फवाऱ्याइतकंच महत्त्व वजनाला आहे. हलक्या बाल्सा लाकडावर इपॉक्सीचा एक थर जास्त झाला तरी डुलणं मंदावतं, आणि कूस वळलीच नाही तर खाली रचलेली सगळी चांदी फुकट. म्हणून शेवटची तपासणी पाण्यात, दोरा बांधून ओढत. ल्युअर डावीकडे पळत असेल तर नाकाची कडी पकडीने केसभर उजवीकडे वाकवायची, उजवीकडे पळत असेल तर डावीकडे, आणि पुन्हा ओढून बघायचं.