बारा रिफिलींचा पिनाका

बॉलपेनची संपलेली बारीक रिफिल फेकू नका. तिची जाडी साधारण 3 मिलिमीटर, आपल्या लष्कराच्या ‘पिनाका’ रॉकेटची 214. भागून पाहा, 71 च्या आसपास येतं. मॉडेल करणाऱ्यांचं लाडकं प्रमाण 1:72, ज्यात सहा फुटी जवान बरोबर एक इंचाचा होतो. अशा रिफिलींचे सात-सात सेंटिमीटरचे बारा तुकडे कापा, एका गाडीवरची सगळी रॉकेटं तयार! तयार किटची वाट कशाला पाहायची?

गाडी वीतभरही होत नाही. मूळच्या चेक घराण्यातला हा आठ चाकी टाट्रा ट्रक. त्याचा कणा म्हणजे एक जाड नळी. आस तिच्या दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे, सुटे. त्यामुळे खड्ड्यात प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं.

चिकटवताना घाई करू नये ती टेकूच्या पायांची. बारा रॉकेटं 44 सेकंदांत सुटतात. बारांमधली अंतरं अकरा, म्हणजे दर चार सेकंदांना एक. पावणेतीनशे किलोच्या आसपासचं धूड निघालं की गाडी हादरते. पुढचं सुटण्याआधी ती थाऱ्यावर यायला हवी, नाहीतर नेम गेलाच.

आणि मागचे दोन खोके? प्रत्येकात सहा भोकं, बस्स. मॉडेलमधला सगळ्यात कंटाळवाणा भाग, असं वाटेल. पण हे खोके, म्हणजे पॉड, आपल्या भुसावळच्या आयुध निर्माणीत बनतात! कारखाना 1949 चा, दारूगोळ्याच्या पेट्या-पिंपांत मुरलेला. रॉकेटची आखणी पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेची. पण रॉकेट राहतं खोक्यात, प्रवास करतं खोक्यात आणि सुटतंही त्यातूनच. पेटीच तोफेची नळी झाली म्हणा ना. रिकामी झाली की क्रेनने उतरवायची आणि भरलेली चढवायची.

आता मॉडेल टेबलावर ठेवा आणि निशाणा मांडा. पहिल्या पिनाकाचा पल्ला सुमारे 38 किलोमीटर. भुसावळहून सुटलं तर जळगावही मागे पडेल. 72 ने भागला तरी 528 मीटर उरतात. सहा गाड्यांची तुकडी मिळून झोडपते ते 1000 बाय 800 मीटरचं मैदान मात्र 14 बाय 11 मीटरवर येतं. एका बंगल्याचा प्लॉट. फक्त तो तुमच्या टेबलापासून अर्धा किलोमीटर दूर, शेजारच्या कॉलनीत शोधावा लागेल.