द्यूत, दरी आणि रबडी

कॅसिनो म्हटलं की आपल्याला पणजीची मांडवी आणि तिच्यातल्या झगमगत्या बोटी आठवतात. लास वेगासनं 1966 साली सीझर्स पॅलेस उघडून अख्ख्या हॉटेललाच रोमन थाट चढवला. पण फासे, राजवाडा आणि वेषांतर असा सगळा सरंजाम एकाच गोष्टीत हवा असेल, तर अमरावतीहून परतवाडा गाठा आणि घाट चढून चिखलदऱ्याला या.

इथला उंच माथा वैराट. विराट राजाची नगरी हीच, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजस्थानातलं बैराटही हा मान मागतं, पण कीचकाची दरी दाखवावी ती आम्हीच! विराटाचा मेहुणा कीचक याला भीमानं मारून जिथं फेकलं तो कीचकदरा, त्याचाच पुढे चिखलदरा झाला. अंगावरचं रक्त त्यानं धुतलं ते भीमकुंडात.

आता फासे. पांडवांच्या अज्ञातवासात भीम विराटाकडे आचारी झाला, अर्जुन बृहन्नडा बनून नाच शिकवू लागला. आणि द्यूतात राज्य घालवून बसलेला युधिष्ठिर? तो ‘कंक’ नाव घेऊन राजाशी फासे खेळायच्याच नोकरीला लागला. पुढे राजपुत्र उत्तराच्या विजयाचं श्रेय त्यानं बृहन्नडेला दिलं, तेव्हा विराटानं रागानं फासा त्याच्या तोंडावर फेकून मारला. नाकातून आलेलं रक्त जमिनीवर पडू नये म्हणून सैरंध्री बनलेल्या द्रौपदीनं ते सोन्याच्या पात्रात धरलं.

सारखा हरणारा माणूस एवढा तरबेज झाला कसा? याचं उत्तरही विदर्भाच्याच गोष्टीत आहे, आणि मला हा दुवा सगळ्यात आवडतो. वनवासात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला नळ-दमयंतीची कथा सांगितली आणि ‘अक्षहृदय’, म्हणजे फाशांची विद्या, शिकवली. दमयंती आपल्या विदर्भाची लेक. तिचं कुंडिनपूर म्हणजे वर्धा नदीकाठचं, तिवसा तालुक्यातलं कौंडिण्यपूर, असं मानतात. रुक्मिणीचं माहेरही तेच. त्या कुंडिनपूरच्या वाटेवर ऋतुपर्ण राजानं रथातूनच बेहड्याच्या झाडाची पानं-फळं एका नजरेत मोजली. त्याचा सारथी झालेल्या नळानं खाली उतरून फळं मोजली, आकडा बरोबर! मग राजानं अक्षविद्या दिली आणि बदल्यात घोड्यांची विद्या घेतली.

झाड बेहड्याचंच का? कारण वेदकाळात जुगार बेहड्याच्या फळांवर चालायचा; तेच फासे. मेळघाटात बेहडा आजही आहे. वाळलेलं एक फळ तळहातावर घेऊन पाहा: राखाडी, मखमली, अंगावर पुसट पाच कंगोरे. त्रिफळा चूर्णातला एक वाटा हाच. पोट साफ करणारं हे फळ एकेकाळी खिसा साफ करायचं!

खिसा साफ करायच्या आधुनिक सोयीचा, कॅसिनोचा, कायदा महाराष्ट्रानं 1976 सालीच केला होता. तो एक दिवसही लागू झाला नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला.

चिखलदऱ्याच्या डोंगरानं मात्र रूप बदलणं थांबवलं नाही. 1803 सालच्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई जिंकून इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर चालून आला. 15 डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. वीस वर्षांनी, 1823 मध्ये, हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनला ही गार हवेची जागा सापडली आणि विराटाच्या नगरीचं ‘हिल स्टेशन’ झालं. उंची 1118 मीटर. इथं कॉफी लागली आणि रुजली. वऱ्हाडातल्या उन्हात कापूस आणि वर डोंगरावर कॉफी, एकाच जिल्ह्यात! 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक.

नवा साज काचेचा आहे. सिडकोनं दरीवर काचेचा स्कायवॉक हाती घेतला, लांबी चारशे मीटरच्या वर. परवानग्यांत तो बराच काळ अडला. वाघाच्या शेजारी बांधायचं तर विचारपूस कडकच हवी, असं मला मनापासून वाटतं.

या सगळ्यात न बदललेले लोक म्हणजे गवळी. गाविलगडाला नाव त्यांचंच, आणि चिखलदऱ्याची रबडीही त्यांचीच. पावसाळ्यात धुकं एवढं दाटतं की पंचबोल पॉइंटवर समोरचे डोंगर दिसत नाहीत, नुसती आपलीच हाक परत येते. तेव्हा कढईजवळ सरकायचं. दूध मंद आचेवर आटत असतं, साय धरली की झाऱ्यानं ती कडेला लावतात, पुन्हा साय, पुन्हा कडेला. द्रोण भरून घ्या आणि उभ्यानंच खा. गरम असतानाच खरी चव आहे.