एम्. एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेचें वेळापत्रक

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं १९४७ सालीं अहमदनगर कॉलेज स्थापन केलें आणि पदवीसाठीं परगांवीं धांवण्याची गरज बरीचशी मिटली. परंतु बी. एस्सी.नंतर मुंबईच्या किंवा कानपूरच्या आय्. आय्. टी.मध्यें एम्. एस्सी. करूं इच्छिणारास ‘जॅम’ नांवाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ती फेब्रुवारींत होते; वेळ तीन तास, प्रश्न ६०, गुण १००. आजचे आमचे वाचक उद्यां तिला बसणार, म्हणून तिच्या अभ्यासाची आंखणी येथें सांगतों.

वेळापत्रक म्हटलें कीं विद्यार्थी पहांटे चारपासून रात्रीं अकरापर्यंत रंगीत चौकटी आंखतात. त्यानें भिंतीची शोभा वाढते, इतकेंच. आधीं हिशेब करावा. ऑगस्टच्या आरंभापासून जानेवारीअखेर २६ आठवडे मिळतात. त्यांतील चार विद्यापीठाच्या सत्रपरीक्षेस, एक दिवाळीस आणि शेवटचे पांच जुन्या प्रश्नपत्रिकांस द्यावे. उरले १६. कॉलेज सांभाळून रोज अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस, असें धरलें तर हातीं अवघे २४० तास येतात. हा आंकडा डोळ्यांसमोर असला म्हणजे प्रत्येक प्रकरणास सारखा वेळ देण्याचा मोह होत नाहीं. मागील पांच वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळून कोणत्या प्रकरणावर किती गुण येतात तें मांडावें आणि त्या प्रमाणांत तास वांटावे. सातव्या दिवशीं नवें कांहीं वाचूं नये. आठवड्यांत केलेलें पुस्तक मिटून लिहून पाहावें.

शेवटच्या पांच आठवड्यांत घड्याळ लावून सबंध प्रश्नपत्रिका सोडवाव्या. चार पर्यायांचा एका गुणाचा प्रश्न चुकला तर एकतृतीयांश गुण कापला जातो. म्हणजे डोळे मिटून चार उत्तरें ठोकलीं, तर सरासरीनें एक बरोबर येऊन एक गुण मिळतो आणि तीन चुकून तोच जातो. मात्र एक पर्याय खात्रीनें चूक ठरवितां आला तर उत्तर देणें फायद्याचें. ज्यांचें उत्तर संख्येंत द्यावयाचें त्या प्रश्नांस ही वजावट नाहीं. ते कोरे सोडूं नयेत.

पालकांस एक विनंति. हेच महिने कांदालागवडीचे, ऊसतोडीचे व लग्नसराईचे. घरच्या कामासाठीं तास मोडले जातात, आणि ते बहुधा मुलीचेच मोडतात, हें आम्हीं पाहिलें आहे. शेतांतील काम निघणारच. तें दोन दिवस आधीं सांगावें. एका दिवसाचे अडीच तास पुढील पांच दिवस अर्धा-अर्धा तास वाढवून भरून काढतां येतात.