विद्युत्-गिटारचा आवाज कोठून येतो?
जालन्यात, लोखंडी सळयांच्या या गावी, घरीच विद्युत्-गिटार घडवू पाहणाऱ्या होतकरू मंडळींचा असा समज असतो, की मिरजेच्या सतारीला जसा भोपळा, तशी या वाद्यालाही पोकळ पेटी अपरिहार्य आहे. वस्तुतः येथे काम करतो तो पिकअप (लोहचुंबकाभोवतीचे बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे): त्याच्यावर पोलादी तार कंप पावली, की सायकलच्या डायनॅमोप्रमाणे वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, आणि तीच पुढे ध्वनिवर्धकातून स्वररूपाने प्रकटते. हे तत्त्व शास्त्रज्ञ फॅरेडेने १८३१ मध्येच सिद्ध केले होते. म्हणून चुंबकाला दाद न देणारी नायलॉनची तार येथे मुकीच राहते. भरीव सागवानी फळी मात्र बेलाशक वापरावी. खरी दक्षता हवी ती पडद्यांच्या (दांडीवरील आडव्या धातुपट्ट्यांच्या) मोजमापात, कारण बारावा पडदा तारेच्या मध्यावर नसेल, तर उत्तम पिकअपही सूर सावरू शकत नाही.