अंगापेक्षा बोंगा

डिसेंबरात शाळांची गॅदरिंगं तोंडावर आली की उल्हासनगरच्या गजानन मार्केटात आईबापांची वेगळीच गर्दी दिसते. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं सावकाश चालतात. ही मंडळी घाईत असतात, कारण शाळेचा निरोप गेल्याच आठवड्यात आलेला असतो. मीही बदलापूरहून सात वर्षांच्या मुलाला घेऊन असाच गेलो होतो. त्याला सुपरमॅन व्हायचं होतं.

दुकानदाराने प्लास्टिकच्या पिशवीतून निळा ड्रेस काढला. छातीत आणि दंडांत फोम भरलेला, पोटावर शिवण घालून सहा चौकोन पाडलेले, पाठीला लाल सॅटिनचा तुकडा. मुलगा आत शिरला आणि क्षणात पहिलवान झाला. मान तेवढी जुनीच राहिली, त्या छातीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखी. "थोडा बडा ही लो, अगले साल भी चलेगा," दुकानदार म्हणाला. याला आपल्याकडे अंगापेक्षा बोंगा जड म्हणतात. पैसे दिले, पण परतीच्या लोकलमध्ये वाटत राहिलं, पडद्यावरच्या सुपरहिरोंचं तरी दुसरं काय असतं? तिथेही बोंगा आधी ठरतो आणि मग त्यात माणूस बसवायची खटपट सुरू होते.

हा विचार उल्हासनगरात सुचावा यात नवल नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत येऊन राहिले, १९४९ साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं आणि बराकींचे कॅम्प आजही पत्त्यात उरले. हातात भांडवल नव्हतं. मग जे विकलं जातं ते बघून तसंच, पण स्वस्तात, करून विकायची कला या गावाने आत्मसात केली. मालावर छापलेल्या 'मेड इन यूएसए'चा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' आहे, हा विनोद मुंबईने इतका घासला की त्यातलं कौतुक पुसलं गेलं. नक्कल करायलाही माप घ्यावं लागतं.

चड्डी बाहेरून का?

१९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन अमेरिकेत छापून आला. तो काढताना शुस्टरच्या डोळ्यांपुढे सर्कशीतले ताकदीचे खेळ करणारे आणि कुस्तीगीर होते. घट्ट विजारीवरून चड्डी हा त्यांचाच वेश. तालमीत वाढलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही वाटणार नाही, अंग दाखवायचं तर कापड अंगाला चिकटूनच हवं. पण कागदावर शाईने काढलेलं कापड सुरकुतत नाही. पडद्यावर आलं की ते कापडासारखं वागू लागतं. घामाने भिजतं, गुडघ्याला फुगतं, काखेत ओढतं. सुपरहिरोच्या वेशभूषेचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या सुरकुतीशी चाललेलं भांडण आहे.

पन्नासच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर जॉर्ज रीव्हजने सुपरमॅन केला. सुरुवातीचे भाग कृष्णधवल होते आणि त्यात निळा-लाल वेश नीट उठून दिसत नसे. म्हणून सुपरमॅनला चक्क तपकिरी आणि राखाडी कपडे शिवले. खांद्यांना आतून पॅडिंग लावलं. घराघरांत पाहिला गेलेला तो नायक सेटवर मातकट रंगाचा होता.

१९७८च्या 'सुपरमॅन'साठी क्रिस्टोफर रीव्हची निवड झाली. तो उंच होता, पण हडकुळा. आतून स्नायूंचं पॅडिंग घालावं अशी सूचना आली, त्याने ती नाकारली आणि व्यायाम करून अंग कमावलं. त्याला घडवणारा उस्ताद होता डेव्हिड प्राऊस. 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ वेडरच्या काळ्या चिलखताच्या आत तोच होता. तिथे अंग प्राऊसचं आणि आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, म्हणजे एक पात्र उभं करायला दोन माणसं लागली होती. सुपरमॅनच्या उड्डाणात वेगळीच अडचण आली. मागचा निळा पडदा काढून तिथे आकाश भरायचं, तर निळा पोशाखही पडद्याबरोबर नाहीसा होणार. म्हणून त्या दृश्यांपुरता हिरवट झाक असलेला वेगळा पोशाख वापरला गेला.

१९८९च्या 'बॅटमॅन'मध्ये मायकल कीटनला रबराच्या कवचात बसवलं. मुखवटा आणि खांदे सलग असल्यामुळे त्याला मान वळवता येईना, कुठे पाहायचं झालं की अख्खं धड वळवावं लागे. प्रेक्षकांना तो बॅटमॅनचा रुबाब वाटला! पुढे २००८च्या 'द डार्क नाइट'मध्ये मान वळेल असा सुट्या तुकड्यांचा पोशाख केला, आणि कथेतल्या बॅटमॅननेच तशी मागणी केल्याचा प्रसंगही घातला. त्याच मालिकेत बॅटमॅन झालेल्या क्रिश्चियन बेलने मुखवटा चढला की आवाज खरखरीत करायची युक्ती वापरली, कारण अर्धा चेहरा झाकल्यावर अभिनयाला हनुवटी आणि गळा एवढंच उरतं.

सीतेचे दंड

आपल्याकडे हा प्रश्न हॉलिवूडच्या या सगळ्या खटाटोपाआधीच येऊन गेला होता. दादासाहेब फाळक्यांना सिनेमात काम करायला बायका मिळेनात, म्हणून त्यांनी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती केलं. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले. पदराआडून सीतेचे पिळदार दंड दिसत. तरीही प्रेक्षक पडद्यावरच्या रामापुढे हात जोडत होते. वेश अंगाला पुरता बसला नाही तरी चालतं, बघणाऱ्याच्या मनात बसला की झालं, हे मराठी माणसाने तेव्हाच सिद्ध केलं होतं.

दारासिंगांच्या बाबतीत गणित उलटं होतं. १९७६चा 'बजरंगबली' आणि १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेलं 'रामायण', दोन्हीकडे हनुमानाचं अंग आखाड्यातूनच आलं. फोमची गरज नव्हती, रंगभूषाकाराचं काम चेहऱ्याशी होतं.

१३ सप्टेंबर १९९७ला 'शक्तिमान' सुरू झालं तेव्हा मुकेश खन्ना 'महाभारता'तल्या भीष्मामुळे घरोघरी ओळखीचे होते. छातीवर सोनेरी चक्र असलेला तो लालसर पोशाख आजच्या मुलांना पडद्याच्या कापडासारखा वाटेल. पण खरी कामगिरी शक्तिमानच्या साध्या रूपाची, गंगाधरची होती. पुढे आलेले दात, चष्मा, चपटा भांग आणि नाकात शिरलेला पातळ आवाज. गिरकी घेऊन गंगाधरचा शक्तिमान झाला की त्याच गळ्यातून भीष्माचा खर्ज निघे. अंगात फरक नसताना आवाजाने माणूस बदलून दाखवायचा, हे कसब थेट आपल्या बहुरूप्यांचं.

आवाजाचं हे काम डबिंगच्या खोलीत आणखी बारीक होतं. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात. पडद्यावरच्या इंग्रजी ओठांनी मिटायचं आणि आपल्या शब्दाने उघडं राहायचं, हे चालत नाही. अनुवादक अर्थाइतकाच ओठांचा हिशेब ठेवतो. २००७चा 'स्पायडरमॅन ३' भोजपुरीतही बोलला. २०१८च्या 'डेडपूल २'ला हिंदीत रणवीर सिंगने आवाज दिला. २०२३ साली पवित्र प्रभाकर या भारतीय स्पायडरमॅनला हिंदी आणि पंजाबीत क्रिकेटपटू शुभमन गिलचा आवाज मिळाला. २००४च्या कॉमिकमध्ये या पवित्रला धोतर नेसवलं होतं. बोंगा शेवटी खराखुरा आला तो असा! मराठीने २०१५ साली 'बाजी'त श्रेयस तळपदेला मुखवटा चढवून घोड्यावर बसवलं. पण महाराष्ट्राच्या मातीतला सर्वांत खरा सुपरहिरो त्याआधीच होऊन गेला होता, मालेगावात.

मालेगावचं माप

मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, मोसम आणि गिरणा नद्यांच्या काठचं मालेगाव यंत्रमागांवर जगतं. माग बारा-बारा तास चालतात, शुक्रवारी बंद राहतात आणि बंद राहिले की कारागिरांना सिनेमा लागतो. शेख नासिर यांचं इथे व्हिडिओ पार्लर होतं. दोन व्हीसीआर जोडून वेगवेगळ्या चित्रपटांचे तुकडे एकमेकांना चिकटवता चिकटवता ते संकलन शिकले. मग पन्नासेक हजारांत 'मालेगाव के शोले' काढला. रेल्वे परवडत नव्हती, तिथे बस आली. डाकूंना घोडे मिळाले नाहीत, सायकली मिळाल्या. चित्रपट गावात तुफान चालला.

त्यानंतर नासिर यांनी ठरवलं, सुपरमॅन करायचा. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला, म्हणून ही सगळी कारागिरी आपल्याला आतून बघायला मिळते.

आधी अंगाची गोष्ट. सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावर राबणारा तरुण, अंगाने काडीपैलवान. नासिर यांनी त्याच्या अंगात फोम भरला नाही. छातीवर 'एस'च्या जागी मालेगावचा 'एम' लावला, लाल केप दिली आणि चड्डीची नाडी बाहेर लोंबू दिली. ती नाडी दिसली की प्रेक्षकाला कळतं, हा आपल्यातला आहे. जॉर्ज रीव्हजच्या पॅडिंगने झाकलं आणि क्रिस्टोफर रीव्हने व्यायामाने भरून काढलं, ते मालेगावने उघड्यावर ठेवलं आणि त्यातून विनोद काढला.

मग उड्डाण. मागे हिरवं कापड ताणायचं, माणूस आडवा धरायचा आणि संगणकावर हिरवा रंग काढून तिथे आभाळ भरायचं. तंत्र हॉलिवूडचंच, फक्त स्टुडिओच्या भिंतीऐवजी कापड ट्रकच्या कडेला लावलं. ट्रॉलीचं काम सायकलने केलं, क्रेनचं बैलगाडीने. एकदा कॅमेरा पाण्यात पडला आणि सगळं काम अडलं. मध्येच शफीकचं लग्न लागलं, तेव्हा जगाला वाचवण्याचं काम नवऱ्यामुलासाठी थांबलं.

आवाजही गावाचाच. मालेगावी हिंदीत उर्दूची नजाकत आहे आणि खान्देशी ठसकाही. फरोग जाफरींसारख्या लेखकाने त्या बोलीत लिहिलं, आणि परग्रहावरून आलेला हा वीर चहाच्या टपरीवरच्या माणसासारखा बोलू लागला. ज्या खलनायकाशी त्याला लढायचं तो घाणीवर प्रेम करणारा आहे. गावात धूळ, धूर आणि गुटख्याच्या पिचकाऱ्या आहेत, म्हणून सुपरमॅनची लढाई त्यांच्याशी. त्या हवेत उडून उडून त्यालाच दम लागतो.

शफीकला पुढे तोंडाचा कर्करोग झाला आणि २०११ साली तो गेला. तंबाखूशी पडद्यावर लढलेला माणूस अशाच दुखण्याने जावा, हे कुठल्याही पटकथालेखकाने लिहिलं असतं तर अतिशयोक्ती वाटली असती. फेब्रुवारी २०२५मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला. वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेल्या या चित्रपटात शशांक अरोराने शफीकची भूमिका केली. व्यावसायिक वेशभूषाकारांना आता अमेरिकन नव्हे, मालेगावच्या सुपरमॅनचे कपडे शिवायचे होते. नकलेची नक्कल झाली, तेव्हा मूळ कोणतं ठरलं हे वेगळं सांगायला नको.

आपल्या पट्ट्यात कोण?

गॅदरिंगच्या दिवशी आमच्या सुपरमॅनची केप शाळेच्या जिन्यात बाकड्याच्या खिळ्याला अडकली आणि फाटली. त्याने ती काढून हातात धरली आणि स्टेजवर गेला. टाळ्या पडल्या. घरी येताना तो म्हणाला, "बाबा, केप घालून ट्रेनने जाताच येणार नाही." बरोबर आहे. सकाळी अंबरनाथला ज्याने बदलापूरहून भरून आलेल्या लोकलमध्ये चढून दाखवलंय, त्याला माहीत आहे की पाठीवरची बॅगसुद्धा पुढे घ्यावी लागते.

मालेगावच्या रीतीने बघायचं तर उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचा सुपरहिरो आपल्या गरजेतून यायला हवा. त्याला वालधुनी नदीचं पाणी पुन्हा पाण्याच्या रंगाचं करता यायला हवं. पुराच्या रात्री उल्हास नदी कुठपर्यंत येणार ते आधी सांगता यायला हवं. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी हजारावर प्रवाशांना बाहेर काढलं. त्या दिवसाची छायाचित्रं बघा. वेशभूषेचं काम तिथे आधीच होऊन गेलं आहे: नारिंगी जॅकेट, रबरी बोट, गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटी. सगळं ज्याच्या त्याच्या मापाचं.

कपडे शिवणारे हात आपल्या गावात आहेत आणि कॅमेरा आज प्रत्येकाच्या खिशात आहे. कामाला लागण्याआधी एक करा. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' जेमतेम तासाभराचा आहे. एखाद्या रविवारी मुलांना शेजारी बसवून तो बघा, आणि मग त्यांना विचारा, आपल्या गावच्या सुपरमॅनच्या छातीवर कोणतं अक्षर लावायचं.